चुलीची जागा बदलली तेव्हा

त्या स्वयंपाकघरात मी वर्षभर रांधलं, वाढलं, पण ते दिसतं कसं हे मला ठाऊक नव्हतं. भरे गावातलं आमचं सासरचं घर बाहेरून ऐसपैस, कौलारू, पण चुलीची खोली मागच्या अंगाला, हातभर जाड भिंतींची आणि एकही खिडकी नसलेली. पूर्वी चोरांची आणि वाघराची भीती असायची म्हणून तशी बांधली, असं सांगत. उजेड म्हणजे माजघराच्या दारातून येईल तेवढा आणि चुलीतल्या जाळाचा पडेल तेवढा. मिठाचं मडकं डाव्या हाताला, त्याच्यामागे तिखट, पलीकडे डाळीच्या पिठाचा डबा आणि त्याला लागून हळद, असं सगळं मी हातांनी पाठ केलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात हळद म्हणून मूठभर डाळीचं पीठ आमटीत टाकलं. आमटीचं पिठलं झालं. मामंजी काही न बोलता जेवले, आणि मी पुढचे दोन दिवस त्यांच्यासमोर गेले नाही. माझा स्वभाव मूळचा भित्रा. कुणी रागावलं तर भीती वाटायचीच, पण कुणी रागावलं नाही तर जास्त वाटायची.

माझं माहेर लांब, भुसावळला. वडील मूळचे मावळातलेच. रेल्वेत लागले म्हणून तिकडे गेले आणि मुलगी मात्र आपल्या मुलखात दिली. आईचा दमा वाढला तसं सहावीतून माझं नाव काढलं, घर सांभाळायला. पण ते घर रेल्वेचं होतं. दोन खोल्या, दोन्हींना खिडक्या, कोपऱ्यात कडी लागणारी न्हाणी. कोळशाच्या शेगडीवर वरण शिजत असताना गाडीची शिट्टी ऐकायची आणि किती वाजले ते सांगायचं, हा माझा आणि आईचा खेळ. भऱ्याला आल्यावर शिट्ट्या गेल्या. त्यांच्या जागी पहाटेचं जातं, बैलांच्या गळ्यातले घुंगरू आणि चुलीपुढे बसलेल्या आत्याबाईंचा खोकला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ठेंगण्या, चपळ, बोलायला रोखठोक. त्यांचे डोळे बारा महिने लाल आणि पाणावलेले असायचे, आणि ते तसेच असतात असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तांदळाची भाकरी त्या थापायच्या ती परातीतल्या आवाजावरून, आणि तव्यावर उलटायच्या ती वासावरून. मी एकदा विचारलं की आत्याबाई, तुम्हाला भाकरी दिसते का. त्या म्हणाल्या, "भाकर काय बघायची असती? ती काय नवरी हाय?" मी हसले, त्याही हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या.

हे पुण्याला एका वर्कशॉपात फिटर होते. शनिवारी सायकलने येत, सोमवारी पहाटे जात. घरात आठवडाभर आम्ही तिघंच. अशा घरात भिंत फोडायचा विषय निघाला तो माझ्यामुळे नाही, माझ्या वडिलांमुळे. दिवाळीला ते मला भेटायला आले. आत्याबाईंनी व्याह्यांसाठी घरचा आंबेमोहर शिजवला. त्या भाताचा वास असा, की शेजारच्या अंगणातलं बोलणं थांबायचं. वडिलांनी दुसरा घास घेतला आणि कचकन आवाज झाला. खडा होता. वडील भिडस्त, त्यांनी तो खडा काढला नाही, गिळला, आणि भात फार सुरेख झालाय म्हणाले. पण तो आवाज मामंजींनी ऐकला होता. आपल्या घरी पाहुण्याच्या दाताखाली खडा यावा, आणि पाहुण्याने तो लाजेकाजेस्तव गिळावा, हे त्यांना फार लागलं. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "निवडले व्हते तांदूळ. दिसला न्हाई."

त्याच सुमारास आमच्याकडे ग्रामसेविका येऊ लागल्या होत्या. पौडच्या बाजूने एसटीने यायच्या, पायात चपला, खांद्याला पिशवी. त्यांनी बायांना एक कागद वाटला. बिनधुराची चूल कशी घालावी, धुराडं किती उंच काढावं, खिडकी कुठे पाडावी, हे त्यात चित्रं काढून दिलं होतं. बाया तो कागद घरी नेऊन फडताळात अंथरत. मी तो वाचला. घरात वाचणारी बाई मी एकटी, आणि सहावीत सुटलेली शाळा त्या कागदावर पुन्हा भरल्यासारखं मला वाटलं. शनिवारी यांना दाखवला. यांनी मामंजींना दाखवला. मामंजींनी तो उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, सुगी उरकू दे.

भात झोडून झाल्यावर धोंडीबा गवंडी आला. अंगाने आडवा, उंचीला दांडगा, आणि तोंडाने त्याहून मोठा. मी कागद वाचायचा आणि त्याने माप धरायचं, असं ठरलं. फूट-इंच तो मानायचा नाही, सगळं वितीत आणि बोटांत करून घ्यायचा. मी नऊ इंच म्हटलं की तो म्हणायचा, "एक वीत. म्होरं बोल, मास्तरीण." मास्तरीण म्हटल्यावर माझा जीव सुखावायचा आणि लगेच घाबरायचाही, की चुकीचं वाचलं तर घर पडेल.

पहिली वादावादी झाली ती मात्र पुढच्या दारावरून. दार इतकं बुटकं की कुणीही कंबरेतून वाकल्याशिवाय आत येऊ शकत नसे, आणि उंबऱ्याच्या आत एकदम अंधार, म्हणून आत्याबाई तिथे सारख्या ठेचकाळत. धोंडीबाचं डोकं पहिल्या दिवशी तीनदा आपटलं. तो म्हणाला दार उंच करू. मामंजी म्हणाले, बाकी काय ते कर, दाराला हात लावायचा नाही, घरात येताना मान वाकलीच पाहिजे. धोंडीबा म्हणाला, "तात्या, वाकायला माझी ना न्हाई. पर डोक्यावर घमेलं हाय, ते कसं वाकंल?" मामंजी हलले नाहीत. मग धोंडीबाने एक केलं. पहारीने दाराच्या आतली जमीन खणायला घेतली. वर्षानुवर्षं सारवून, मुरूम टाकून, पुन्हा सारवून जमीन थरावर थर चढली होती. पापुद्र्यासारखे थर निघाले, एकात कुणाची तरी फुटलेली बांगडी, एकात शेणात रुतलेलं भाताचं तूस. हातभर खाली गेल्यावर जुनी दगडी पायरी लागली, जी मामंजींनीही कधी पाहिली नव्हती. धोंडीबा तिच्यावर ताठ उभा राहिला. डोकं दाराला लागलं नाही. "दार बुटकं नव्हतं तात्या, तुमची जमीन वर आली व्हती." मामंजी स्वतः त्या पायरीवर उतरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, म्हंजी म्हाताऱ्यांनी नीटच बांधलं होतं तर.

न्हाणीचं सांगायला आजही मला संकोच वाटतो. मागच्या दारी एक सपाट दगड आणि दोन खुंट्यांना टांगलेलं जुनेर, एवढीच आम्हा बायांची न्हाणी. उजाडायच्या आत उरकायचं. मी तीन तांब्यांत आंघोळ करायला शिकले होते, चौथा तांब्या कधी घेतला नाही. धोंडीबाने तिथे पुरुषभर भिंत घातली, वर कौलं, खाली शहाबादी फरशी, आणि पाणी जायला एक पन्हळ काढली ती अळवाच्या वाफ्यात. कोपऱ्यात पाणी तापवायला चुलवण. आणि दार, आतून कडीचं. ज्या दिवशी ती कडी बसली त्या दिवशी मी भर दुपारी आंघोळ केली आणि सात तांबे पाणी घेतलं. मोजले. आत्याबाई बाहेरून म्हणाल्या, "आत ऱ्हायला गेलीस का काय?" माझ्यानंतर त्या गेल्या, आणि त्यांनाही बराच वेळ लागला.

चुलीला मात्र मुहूर्त लागला. कागदात म्हटल्याप्रमाणे बाहेरची भिंत फोडून खिडकी पाडली, चूल तिच्याखाली, धुराडं कौलातून वर. ती उंच ओट्यावर घालावी असं चित्रात होतं, पण उभ्याने भाकरी थापायला आपण काय परेडीला आहोत का, असं आत्याबाईंनी विचारल्यावर मी तो भाग वाचायचाच सोडून दिला. चार बोटांचा चौथरा घातला, त्यावर चूल. जुन्या चुलीतला विस्तव आत्याबाईंनी खापरात घेतला आणि स्वतः चालत नव्या चुलीत नेऊन घातला. आठ पावलांचं अंतर. दूध उतू घातलं. धूर वर गेला, बाहेर गेला. धोंडीबाने अंगणातून ओरडून सांगितलं की दिसतोय.

आणि खिडकीतून उन्हाचा एक तुकडा आत्याबाईंच्या नि माझ्या मध्ये पडला. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं काही चुकलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या हनवटीवर तीळ हाय की गं. वरीस झालं, ठावंच नव्हतं."

माझ्या नातवाच्या भूगावच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवं केलं. नातसुनेने मला ओट्यापुढे उभं करून माझं माप घेतलं, आजीचा हात पोचला पाहिजे म्हणाली. चिमणी लावली की ती घरघर करते आणि मला गाडी सुटल्यासारखं वाटतं. मी त्या पोरीला दुवा देते. पण एवढं माप कुणी माझं घ्यावं, याला माझी सवय नाही; अजून वाटतं, आपल्यासाठी कुणाला त्रास पडला.

तर, चूल हलली. तीन महिने सुखाचे गेले. आत्याबाईंचा खोकला कमी झाला, डोळ्यांचं पाणी उतरलं. त्या तांदूळ निवडायला खिडकीशी बसत आणि खडा सापडला की तो मुद्दाम मामंजींना नेऊन दाखवत. वैशाखात एका सकाळी मी तिथे पीठ मळत होते. उन्हाची तिरीप खोलीत आडवी पडली होती, आणि तिच्यातून काहीतरी बारीक, पांढुरकं, सावकाश खाली येत होतं. आधी वाटलं धूळ. मग वर बघितलं.

जुनी चूल होती त्या जागेवर, आढ्याला, बियाण्याचे तीन मुडे टांगलेले होते. भाताच्या पेंढ्यात बियाणं घट्ट बांधून त्याचा जो गोल गड्डा करतात, तो मुडा. आंबेमोहराचं ते घरचं बी. दोन मुडे आमच्या राबाला, म्हणजे रोपं काढायच्या भाजलेल्या वाफ्याला, लागत आणि तिसरा मामंजी गावात ज्याला हवं त्याला देत. मुडे चुलीवर टांगायचे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. का टांगायचे ते कुणी विचारलं नव्हतं. त्या कागदात बियाण्याचं काही लिहिलेलं नव्हतं, आणि भुसावळच्या मुलीला ते कुठून सुचणार. मी हात धुतले, पाटावर चढून खाली लोंबणाऱ्या मुड्याला हात लावला. बोटांना पीठ लागलं, आणि पिठात काळे बारीक टोके, धान्यातले किडे, वळवळत होते.

ती गोष्ट मी दिवसभर कुणाला सांगितली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही सांगितली. दुपारी जेवताना मामंजी म्हणाले की औंदा राब चांगला भाजलाय, आता पाऊस पडायच्या आत धूळवाफेवर बी टाकायचं, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. राब गेला तर लावणी गेली, लावणी गेली तर वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाई अळवाची पानं खुडत होत्या, तिथे जाऊन मी सगळं एका दमात सांगितलं. कागद मी वाचला, चूल माझ्यामुळे हलली, मला माहेरी पाठवा, असंही म्हणाले. त्या पानं हातात घेऊन ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "माह्यारी कशाला? तितं का टोके मारायला जायचं?"

मुडे अंगणात उतरवले. मामंजींनी पेंढा सोडला. वरच्या थरात दाण्यांची टरफलं, मध्ये बरं दिसणारं बी, सगळीकडे टोके. मामंजी रागावले नाहीत. ते खचल्यासारखे उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले की चूल जागची हलवली, घराची राखण गेली. त्यांच्या बापाने, आज्याने त्याच जागी चूल ठेवली होती. मग उठून म्हणाले, "खिडकी बुजवा. चूल व्हती तितं घाला."

मी माजघराच्या दारात उभी होते. आत्याबाईंना मामंजींच्या शब्दाबाहेर जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. जेवणाचं पानही त्या त्यांच्यापुढे न बोलता ठेवत. त्या पुढे आल्या, पदर नीट केला.

"राखण धुराची व्हती," त्या म्हणाल्या. "त्यो धूर माझ्या डोळ्यात जात व्हता, तवाच टोके मरत व्हते. मला आत्ता कळलं, तुमाला बी कळंल. बी मेलं असंल तर मी सोता चिखल कालवती आन् खिडकी बुजवती. पर आदी बी मेलंय का त्ये बघा."

मामंजींनी मुड्यापुढची जागा सोडली. म्हणजे बघा असं.

मुड्याच्या मधलं बी मूठभर काढून आत्याबाईंनी माझ्यापुढे ठेवलं. शंभर दाणे मोज म्हणाल्या, कारण शंभरापर्यंत बिनचूक मोजणारी मीच. मग जाता जाता म्हणाल्या, "निवडू नको. शेतात काय निवडून पडत न्हाईत." माझ्या मनात काय येईल ते त्यांना आधीच कळलं होतं. मोजताना असा एक दाणा हाताला आला, की त्याच्या पोटाला सरळ भोक. तो बाजूला टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. खिडकीतून वारा येत होता, माझ्या कपाळावरचा घाम वाळत होता, आणि तो दाणा बोटांत धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी टाकला, शंभरात. असे आणखीही निघाले, तेही टाकले.

दाणे दिवसभर पाण्यात ठेवले, मग ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात बांधून टोपलीखाली झाकले, चुलीपासून हातभर लांब, ऊब लागेल इतकंच. मी कोमट पाणी शिंपडायची आणि टोपली उचलायचा मोह झाला की हात पाठीमागे धरायची. ते तीन दिवस आत्याबाईंनी चूल पेटवली, भाकरी केल्या, हुलग्याची पिठी केली, सगळं नेहमीसारखं. फक्त तांदूळ निवडताना त्या खिडकीत जरा जास्त वेळ बसत, आणि मधेच मान वर करून बाहेर आंब्याकडे बघत. मी ते बघायची नाही. मला बघवायचं नाही. उरलेलं बी आम्ही उन्हात पसरून चाळलं, आणि नवे मुडे बांधून आत्याबाईंनी न्हाणीतल्या चुलवणावर टांगले. पाणी रोज तापतंच, धूर तिथे लागू दे, म्हणाल्या. हे त्यांचं त्यांनाच सुचलं. कुठल्याही कागदात नव्हतं.

चौथ्या सकाळी मामंजी आंघोळ करून आले आणि गोणपाट मागितलं. स्वयंपाकघरात ते कधी बसत नसत, पण उजेड तिथेच चांगला होता म्हणून खिडकीखाली फतकल घातली. गाठ सोडली. ओल्या मातीसारखा वास आला. गोणपाटाला चिकटलेले दाणे, आणि त्यांतून पांढरे, वाकडे, नखाएवढे कोंब. सगळ्यांतून नाही. मी आणि आत्याबाई मागे उभ्या. मामंजी एकेक कोंब उचलून ताटात ठेवत होते आणि ओठ हलवत मोजत होते. मध्येच चुकले, पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा ताट माझ्याकडे सरकवलं. मी दोनदा मोजलं. अडुसष्ट.

ते ताटाकडे बघत राहिले. मग गोणपाटावर उरलेल्या बत्तीस दाण्यांकडे. एक मेलेला दाणा त्यांनी बोटांनी दाबला, तो पिचला.

"बी दाट टाकायचं," ते म्हणाले. "तिन्ही मुडे लागतील. औंदा गावात कुनाला द्यायला ऱ्हानार न्हाई, मी सांगंन त्यास्नी." हे त्यांना जड गेलं, ते तोंडावर दिसत होतं. उजेड होता, म्हणून मला दिसलं.

उठताना त्यांनी खिडकीच्या कडेला हात टेकला. भिंतीची जाडी चाचपली, बाहेर वाकून आंब्याच्या फांदीकडे पाहिलं, आणि आमच्या दोघींकडे न बघताच म्हणाले, "धोंडीबाला निरोप धाडा. गज बसव म्हनावं हिला. वानरं शिरत्याल."